रप्पायीच्या गिटारीतली क्लॅरिनेट

रप्पायीच्या गिटारीतून गिटार सोडून बाकी सगळं वाजत असे, आणि सुरुवातीला याचा त्याला फार अभिमान होता.

मुलगी आयर्लंडला नर्स. तिनं फोनवर विचारलं, "अप्पा, येताना काय आणू?" अशा वेळी शहाणा माणूस चॉकलेट सांगतो, फार तर घड्याळ. रप्पायीनं गिटारीच्या पोटावर चिकटवायची एक डबी सांगितली. ही डबी सहाही तारांना कान लावून बसते. कुठली तार कुठल्या सुरात हलली ते लॅपटॉपला कळवते, आणि लॅपटॉप त्या सुरात तुम्ही म्हणाल ते वाद्य वाजवतो. व्हायोलिन म्हणा, चेलो म्हणा, ट्रंपेट म्हणा. मुलगी डबी देऊन, सुट्टी संपवून परत गेली आणि मागे राहिलेल्या रोसिलीच्या, म्हणजे रप्पायीच्या बायकोच्या, नशिबी तो अख्खा वाद्यवृंद आला.

रप्पायीचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. मागच्या खोलीत रप्पायीनं पहिल्यांदा व्हायोलिन लावलं तेव्हा दुकानात उभ्या असलेल्या बाईंनी रोसिलीला विचारलं, "आत माझाच मिक्सर उघडलाय का गं? बेअरिंग पार गेलेलं दिसतंय." ट्रॉम्बोन लावला त्या दिवशी तर त्यानं आयुष्यभराच्या सवयीनं सहाही तारांवरून झर्रकन हात फिरवला. गिटारवाल्याचा हात तो, एकेक तार छेडून त्याला चैन कशी पडणार? सहा ट्रॉम्बोन एकदम ओरडले. समोरच्या फणसावरचे कावळे उडाले आणि रोसिली उलथनं घेऊन धावत आली. तिला वाटलं विजेचा झटका बसला.

हे सगळं चहाच्या टपरीवर रप्पायी स्वतःच रंगवून सांगत असे, कारण दुसऱ्यानं सांगितलं तर जास्त लागतं.

पण खरी फजिती क्लॅरिनेटनं केली. या वाद्यांची खुबी अशी की त्यांत कुणी वाजवून भरून ठेवलेला आवाज नव्हता. नळी केवढी, लाकूड कसलं, तोंडाजवळची पट्टी किती वाकली, हवा कुठे अडली, याचं सगळं गणित लॅपटॉप त्या क्षणी मांडे आणि त्या गणितातून आवाज निघे. त्यामुळे वाद्य खऱ्याइतकंच हट्टी होतं. रप्पायीनं क्लॅरिनेट लावली, तार छेडली, काही नाही. पुन्हा छेडली, काही नाही. केबल बदलली, लॅपटॉप बंद करून चालू केला, स्पीकर उघडून पाहिला, आयर्लंडला फोन लावून ड्यूटीवरच्या मुलीला घाबरवलं. रविवारची अख्खी दुपार गेल्यावर त्याच्या टाळक्यात उजेड पडला की आपण फुंकायला विसरलोय. बोटं सूर सांगत होती, पण हवा किती ते कुणी सांगितलंच नव्हतं. हवा शून्य, तर आवाज शून्य. मग त्यानं हवा कमीजास्त करायला पायाखाली एक पेडल बसवलं आणि क्लॅरिनेट एकदाची बोलली.

त्या आवाजानं रप्पायी हबकलाच. तो आवाज देवस्सीचेट्टनच्या क्लॅरिनेटसारखा होता.

देवस्सी त्याच्याहून थोडा मोठा, म्हणून चेट्टन, म्हणजे थोरला भाऊ. तरुणपणी दोघं एकाच गानमेळ्यात होते. लग्नं, पेरुन्नाळं म्हणजे चर्चच्या जत्रा, बक्षीस समारंभ, देवस्सी पुढे रेशमी शर्ट घालून क्लॅरिनेट वाजवी आणि रप्पायी मागे गिटार खाजवी. त्या काळच्या एकूण एक फोटोत देवस्सी पूर्ण आहे आणि रप्पायी कोपरापर्यंत. कार्यक्रम संपला की बायका-माणसं देवस्सीभोवती जमत, "काय वाजवलंस रे!" म्हणत, आणि रप्पायी तारा गुंडाळत असे. त्याची काही तक्रार नव्हती असं तो म्हणायचा. तक्रार होती. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, कुणीतरी गर्दीतून वाट काढत यावं आणि म्हणावं, "रप्पायी, काय वाजवलंस!" एवढंच त्याला हवं होतं. हे त्यानं टपरीवर कधी सांगितलं नाही.

आणि आता संधी चालून आली होती. बाणांनी विंधलेल्या संत सेबास्त्यानोसच्या पेरुन्नाळला त्याचा बाण घरोघर फिरतो आणि संध्याकाळी बँडच्या गजरात चर्चला परत येतो. बाण पायऱ्यांशी आला की ढोल थांबतात, पितळी वाद्यं थांबतात आणि पोर्चमधून एकटी क्लॅरिनेट संताचं जुनं गाणं वाजवते. म्हाताऱ्या माणसांचे डोळे तिथे हमखास भरून येतात. कित्येक वर्षं ही क्लॅरिनेट देवस्सीची होती. पण गेल्या पावसाळ्यात त्याच्या मानेत नस दबली आणि उजव्या हाताची बोटं आखडून गेली. चहाचा ग्लासही आता तो डाव्या हातानं धरत असे. यंदा वाजवणार कोण, असा प्रश्न होता, आणि चर्चचा विश्वस्त पावुण्णी बाहेरगावचा कुणी वाजवणारा बोलावणार होता.

"बाहेरचा कशाला?" रप्पायी म्हणाला. "क्लॅरिनेट माझ्या गिटारीत आहे."

पावुण्णीला संगीतातलं एवढंच कळे की मोठं वाजलं की चांगलं. चर्चच्या हॉलमध्ये रप्पायीनं त्याला ते गाणं संथपणे वाजवून दाखवलं. पावुण्णीनं गिटारीकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं, मग स्पीकरच्या मागे जाऊन पाहिलं. "मशीन आहे म्हणजे चुकायचा प्रश्नच नाही," तो म्हणाला. "ठरलं."

देवस्सीला आपण स्वतः जाऊन सांगायचं, नीट समजावून सांगायचं, असं रप्पायीनं ठरवलं होतं. रविवारी चर्च सुटल्यावर गाठू म्हणाला. पण अच्चननी, म्हणजे चर्चच्या फादरनी, त्याआधीच प्रार्थना संपता संपता सूचना वाचून दाखवल्या, त्यात ही सूचना वाचली: यंदा क्लॅरिनेट रप्पायी वाजवेल, गिटारीवर. लोक हसले. देवस्सी दोन बाकं पुढे बसला होता. रप्पायीला त्याचे फक्त कान दिसत होते, ते लाल झाले.

संध्याकाळी रप्पायी डबा घेऊन त्याच्या घरी गेला. देवस्सी ओसरीवर आरामखुर्चीत होता.

"काय आणलंयस?"

"कूर्काचे कंद घातलेलं पोर्क. रोसिलीनं पाठवलंय."

"डबा ठेव. तू जा."

"चेट्टा, मी सांगणारच होतो. अच्चननी आधीच..."

"अच्चननी सांगितलं ते बरं झालं. त्यांच्यावर हात उचलता येत नाही."

रप्पायी उभाच राहिला. जायला पाय निघेना आणि बसायला तोंड नव्हतं. शेवटी देवस्सीच म्हणाला, "बरं, ते भूत आणलंयस का बरोबर? दाखव काय ते."

भूत स्कूटरवरच होतं. रप्पायीनं ओसरीवर सगळा पसारा मांडला आणि गाणं वाजवलं. जीव ओतून वाजवलं, डोळे मिटून. डोळे उघडले तर देवस्सी डब्यातल्या पोर्कचा वास घेत होता.

"हा कोण वाजवतोय?" देवस्सीनं विचारलं.

"मीच की."

"नाही. हा माणूस मेलेला आहे. गाणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत एकदाही श्वास घेतला नाही त्यानं. फुंक कुठून देतोस?"

रप्पायीनं पाय दाखवला.

"पायानं फुंकतोस?" देवस्सी इतका हसला की त्याला ठसका लागला. "गड्या, पायानं शिलाई मशीन चालवतात! जा, तुझ्या पायाला सांग, पेरुन्नाळला नवा शर्ट शिवून दे म्हणावं."

रप्पायी पसारा आवरून घरी आला. राग देवस्सीचा नव्हता. राग याचा होता की म्हातारा खरं बोलला होता. गिटारवाल्याला श्वास कशाला लागतो? तो वाजवता वाजवता गप्पा मारतो, सुपारी चघळतो, मंडपातल्या पोरींकडे बघतो. जन्मभर रप्पायीनं बिनश्वासाचं संगीत केलं होतं आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

त्यानं मग तोंडात धरायची नळी मागवली. ही नळी फुंकेचा जोर मोजते आणि लॅपटॉपला सांगते. पेडल गेलं, नळी आली, आणि रप्पायीच्या हालांना सुरुवात झाली. संथ गाण्यात बोटं आणि फुंक कशीबशी हातात हात घालून चालत. जरा जलद जागा आली की तो एकतर बोटं विसरे, नाहीतर फुंकायचं विसरे. नळीतून लाळ गळे ती शर्टावर. रोसिलीनं त्याच्या गळ्यात नातवाचं लाळेरं बांधलं आणि फोटो काढून आयर्लंडला पाठवला. तरुणपणी ओढलेल्या विड्यांचा हिशेबही आता समोर आला. दोन ओळी झाल्या की छातीचा भाता घरघरू लागे.

बँडबरोबर पहिली तालीम झाली तेव्हा तर कहरच झाला. अच्चन सगळ्यांना आशीर्वाद द्यायला उभे राहिले. सगळे शांत. रप्पायी गिटार मांडीवर घेऊन, नळी तोंडात ठेवून, डोळे मिटून बसलेला, आणि नकळत तोंडानंच श्वास सोडणारा. तेवढ्यात ढोलवाल्याचा हात चुकून ढोलावर पडला. धम्म झालं, त्या धक्क्यानं गिटारीच्या मोकळ्या तारा आपोआप गुणगुणल्या, इमानदार डबीनं ते सूर लॅपटॉपला कळवले, नळीत हवा होतीच, आणि अच्चनच्या आशीर्वादाच्या मध्यावर क्लॅरिनेट लांबलचक कण्हली.

"कुणाचं पोट बिघडलंय का?" पावुण्णीनं विचारलं.

रप्पायीनं हात वर केला. काय करणार?

दुसऱ्या दिवशी पावुण्णी दुकानात आला. पंख्याचा भाव विचारल्यासारखं केलं, पंख्याला हातही लावला नाही, आणि जाता जाता म्हणाला, "बाहेरगावचा तो माणूस अजून मोकळा आहे म्हणे. बघ बाबा, तुझ्याच्यानं होत नसेल तर सांग. पुण्याळाचं काम आहे, संताचं."

रोसिलीनं ते ऐकलं. एरवी ती दोन टोमणे मारल्याशिवाय राहिली नसती, पण या वेळी तिनं फक्त एवढंच विचारलं, "सोडून देतोस?"

"मागे बसायची सवय आहे मला," रप्पायी म्हणाला. "बसेन मागे."

"सवय आहे म्हणून बसायलाच पाहिजे असं कुणी सांगितलं?" ती म्हणाली आणि आत जाऊन पुन्हा डबा भरू लागली.

देवस्सीनं या खेपेला डबा आधी उघडला, मग बोलला. "श्वास शिकवू? तुला? या वयात?"

"निदान कुठे घ्यायचा ते तरी सांग, चेट्टा."

देवस्सीनं सांगितलं. सांगितलं म्हणजे शिव्या घातल्या. इथे घे, मूर्खा. तिथे नको, तिथे संत बाणांनी घायाळ झालाय, तू श्वास कसला घेतोस? पोटातून घे, खांदे कशाला उचलतोस, पोतं उचलायचंय का? रप्पायी फुंकत गेला, वाजवत गेला, घामाघूम झाला, आणि तिसऱ्या ओळीत त्याला असा खोकला लागला की डोळ्यांपुढे अंधारी आली. डावा हात गिटारीवर तसाच ठेवून त्यानं उजव्या हातानं नळी तोंडातून काढली आणि चिडून देवस्सीपुढे धरली.

"घे! एवढं येतंय तर तूच फुंक!"

देवस्सीनं नळीकडे पाहिलं. डाव्या हातानं घेतली, नेसलेल्या मुंडूच्या टोकानं दोनदा पुसली, वाकडं तोंड केलं आणि ओठांत धरली. रप्पायीनं रागारागातच तार छेडली.

ओसरीवर क्लॅरिनेट वाजली.

वाजली म्हणजे गणितातून निघालेला आवाज नव्हे. एक सूर हळूच सुरू झाला, भरत गेला, मध्ये किंचित थरथरला आणि संपता संपता असा विरला की रप्पायीच्या अंगावर काटा आला. हा सूर त्यानं आयुष्यभर पाठीमागून ऐकला होता. त्यानं पुढचा सूर छेडला, देवस्सीनं त्यात जीव घातला. पुढचा, आणि पुढचा. एक ओळ झाली तेव्हा देवस्सीनं नळी तोंडातून काढली. तो आपल्या उजव्या हाताकडे पाहत होता. हात खुर्चीच्या दांडीवर आपल्या जागी निपचित पडला होता.

"मीच वाजवलं?" त्यानं विचारलं.

"तूच फुंकलंस," रप्पायी म्हणाला.

देवस्सी आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं. "तुझी बोटं गाढवाची आहेत," तो म्हणाला. "पुन्हा पहिल्यापासून."

त्यानंतर दोघांची रोज भांडणं झाली. एक वाद्य आणि दोन माणसं, त्यातला एक जन्माचा पुढचा आणि दुसरा जन्माचा मागचा. रप्पायी सूर बदलायचा तेव्हा देवस्सी श्वास घेत असायचा, आणि मग तो सूर कुणालाच ऐकू यायचा नाही. देवस्सी फुंकर मारायचा तेव्हा रप्पायीचं बोट अजून वाटेतच असायचं. "माझ्या छातीकडे बघ," देवस्सी ओरडे. "गिटारीकडे काय बघतोस, ती कुठे पळून चाललीय?" मग रप्पायी त्याच्या छातीकडे बघून वाजवू लागला. सगळ्यात मोठी पंचाईत लांब सुरांची होती. देवस्सीचा श्वास अजून पहिल्यासारखा दमदार, पण गिटारीची तार छेडली की विझायला लागते आणि ती विझली की डबी सूर बंद करते. म्हातारा फुंकतोय, फुंकतोय, आणि तारेतला जीवच गेला. मग तार विझायच्या आत, झटका ऐकू येणार नाही इतक्या अलगद, बोटाच्या मांसल टोकानं ती पुन्हा छेडायची, हे रप्पायीला शिकावं लागलं. शिकवायला कुणी नव्हतं, कारण असला उपद्व्याप आधी कुणी केला असेल असं त्याला वाटत नव्हतं.

पेरुन्नाळच्या दोन दिवस आधी देवस्सीनं नवीनच काढलं. "ही नळी तोंडात धरून मी चारचौघांत बसणार नाही. लोक म्हणतील दवाखान्यातून उचलून आणलाय."

"मग कसं करायचं?"

"माझी क्लॅरिनेट माझ्या हातात पाहिजे. नळी तिला आतल्या बाजूनं चिकटव. वायर खालून जाऊ दे."

रप्पायी बघत राहिला. म्हणजे लोकांना दिसणार देवस्सी आणि त्याची क्लॅरिनेट. शेजारी गिटार घेऊन बसलेला रप्पायी, नेहमीसारखा. नाही म्हणावं असं मनात आलं. फुंक याची, पण एकूण एक सूर माझा आहे, एवढं तरी लोकांना दिसू दे, असं म्हणावं असं वाटलं. पण देवस्सी डाव्या हातानं क्लॅरिनेटची पेटी पुसत होता. रप्पायीनं दुकानातून विजेची काळी चिकटपट्टी आणली आणि नळी चिकटवून दिली. पावुण्णीला सांगितलं की दोघं मिळून वाजवू. पावुण्णीनं ऐकलं की नाही देव जाणे, त्याचा एक कान फटाकेवाल्याकडे होता.

पेरुन्नाळच्या संध्याकाळी पोर्चमध्ये दोन खुर्च्या मांडल्या. देवस्सीनं जुना रेशमी शर्ट घातला होता, पोटावर जरा ताणलेला. त्यानं क्लॅरिनेट मांडीवर उभी धरली, पण उजव्या हाताची बोटं वळेनात. त्यानं मान खाली घातली. रप्पायीनं इकडेतिकडे पाहिलं, आणि त्याची बोटं एकेक करून उचलून क्लॅरिनेटच्या भोकांवर ठेवली.

बाण आला. मिरवणुकीतल्या रंगीत छत्र्या आल्या, ढोल आले, मेणबत्त्या घेतलेल्या बाया आल्या. गिटारीच्या तारा गुणगुणू नयेत म्हणून रप्पायी सहाही तारांवर तळहात दाबून बसला होता. पावुण्णीनं हात वर केला. ढोल थांबले. पितळी वाद्यं थांबली. पुढच्या क्षणी इतकी शांतता झाली की रप्पायीला स्वतःच्या पोटातली गुरगुर ऐकू आली.

त्यानं देवस्सीच्या छातीकडे पाहिलं. छाती वर आली. रप्पायीनं तार छेडली.

पहिली ओळ नीट गेली. दुसरीही. दुसऱ्या कडव्यात रप्पायीचं एक बोट घसरलं आणि सूर जरा लंगडला, पण देवस्सीनं फुंक आवरून ते झाकून घेतलं. मग शेवटची ओळ आली, जिथे संताचं नाव येतं आणि तो लांब सूर. तालमीत ठरला होता त्यापेक्षा देवस्सीनं तो जास्त ओढला. ओढतच गेला. त्याचे गाल फुगले, मानेच्या शिरा ताठरल्या, डोळे मिटलेले. रप्पायीची तार विझत आली. त्यानं ती अलगद छेडली. पुन्हा विझत आली, पुन्हा छेडली. म्हातारा थांबायला तयार नव्हता, आणि रप्पायीच्या लक्षात आलं की हा आता पेरुन्नाळसाठी फुंकत नाहीये. हा गेल्या पावसाळ्यापासून आत कोंडलेलं सगळं बाहेर सोडतोय. मग रप्पायीही थांबला नाही. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला तरी त्यानं डाव्या हाताचं बोट तारेवरून हलवलं नाही. देवस्सीचा श्वास संपला तेव्हाच तो सूर संपला.

फटाके सुटले आणि सगळे एकदम बोलू लागले.

लोक पोर्चमध्ये घुसले. "देवस्सीचेट्टा, काय वाजवलंस!" "अजून तोच दम!" "कोण म्हणत होतं म्हातारा संपला?" अच्चननी देवस्सीचा खांदा थोपटला. पावुण्णीनं त्याला मिठी मारली आणि रप्पायीकडे वळून समजूत घातली, "तुझी गिटार काही ऐकू आली नाही रे. पण असू दे, गडबडीत कुणाच्या लक्षात नाही आलं."

"वायर सुटली होती," रप्पायी म्हणाला.

देवस्सी सगळं कौतुक घेत होता. कौतुक घ्यायची त्याला जन्माची सवय, तो मान किंचित झुकवून प्रत्येकाला हसत होता. रप्पायी केबली गुंडाळू लागला. आपल्याला वाईट वाटतंय हे त्याला कळत होतं, आणि वाईट वाटतंय म्हणून स्वतःचं हसूही येत होतं. आयुष्यात एकदाच पुढची खुर्ची मिळाली होती, तिच्यावर बसूनही तो मागेच राहिला होता. हे जमायलाही काही अक्कल लागते.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत एल्याचेडत्ती आली. गावातली सगळ्यात म्हातारी बाई, कमरेत वाकलेली, पांढऱ्या चट्टा-मुंडूत. ती येऊन देवस्सीपुढे उभी राहिली, क्लॅरिनेटवर ठेवलेला त्याचा उजवा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि त्याच्या बोटांचा मुका घेतला.

"ही बोटं गेली म्हणाले मला," ती म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "महिनाभर मी पुण्याळापुढे रोज मेणबत्ती लावली, देवस्सी. या बोटांसाठी. बघ, दिली की नाही त्यानं परत?"

देवस्सीचं हसू मावळलं. बाकी सगळं कौतुक त्यानं गिळलं होतं, हे त्याच्याही घशाखाली उतरेना. त्यानं रप्पायीकडे पाहिलं.

"चेडत्ती," तो म्हणाला, "ही बोटं माझी..."

आता सांगणार, रप्पायीच्या मनात आलं. आता हा सगळ्यांसमोर सांगणार, आणि लोक वळून माझ्याकडे बघणार. नको होतं असं म्हणायला नको, फार हवं होतं. पण म्हातारीनं तो आखडलेला हात छातीशी धरला होता, आणि देवस्सीच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

"दिली ना परत!" रप्पायी घाईघाईनं म्हणाला. "मी शेजारीच बसलो होतो, चेडत्ती. सगळं डोळ्यांनी पाहिलं. अख्ख्या गाण्यात एक बोट चुकलं नाही याचं!"

देवस्सीचे डोळे भरून आले होते.

"एक चुकलं," तो शेवटी रप्पायीला म्हणाला. "दुसऱ्या कडव्यात."

"नाही रे लेकरा," एल्याचेडत्ती त्याची बोटं कुरवाळत म्हणाली, "काही चुकलं नाही तुझं."